लाकूड धरणार कोण?

बदलीचा हुकूम आला की आमच्या घरात दोन ठिकाणी बांधाबांध सुरू होते. बायको संसार बांधते आणि मी माझी काळी ट्रंक. त्या ट्रंकेच्या तळाशी गेली अठरा वर्षं कॅनव्हासची एक गुंडाळी आहे. तिच्यात सहा पटाशा, त्यांतल्या चार गोल पात्याच्या, एक लाकडी मोगरी आणि धार लावायचा दगड. बारामुल्ला, बबीना, तेजपूर, पुन्हा काश्मीर असा प्रवास करून ही गुंडाळी मागच्या वर्षी माझ्याबरोबर रायपूरला आली. मी काही कारागीर नाही. संध्याकाळी तासभर लाकडावर हात चालला की डोक्यातल्या फायली बंद होतात, एवढाच माझा त्यातला स्वार्थ.

या वेळी लिहायचंय ते लाकूड धरण्याबद्दल. विषय किरकोळ वाटेल. कोरीव काम म्हटलं की लोक हत्यारांबद्दल विचारतात, कुठली पटाशी, कितीला मिळाली, पोलाद कुठलं. त्या पटाशीखालचं लाकूड जागच्या जागी कसं राहतं, हे कुणी विचारत नाही. मला ते विचारायला लावलं एका माणसाने, ज्याला एकच हात आहे.

रायपूर मराठी माणसाला तसं परकं नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर होता. शहरात तात्यापारा नावाची वस्ती आहे, चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचं आहे. पण छत्तीसगड मला खऱ्या अर्थाने भेटलं ते हरेलीच्या दिवशी. आषाढातल्या ज्या अमावस्येला आपल्याकडे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, त्याच अमावस्येला इथे नांगर, कुदळ, फावडं, कुऱ्हाड, वाकस धुऊन अंगणात मांडतात. गुळाच्या चिल्याचा नैवेद्य दाखवतात. पोरं बांबूच्या गेड्यांवर चढून गल्लीभर फिरतात. आपण उजेडाची पूजा करतो, हे हत्यारांची करतात. फौजी माणसाला हे चटकन पटतं, आम्हीही दसऱ्याला तेच करतो.

त्या दिवशी मी उस्तादांकडे गेलो होतो. मी लेफ्टनंट होऊन पलटणीत आलो तेव्हा ते हवालदार आणि वेपन ट्रेनिंगचे उस्ताद होते. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सीओसाहेबही उस्तादच म्हणायचे. नवीन जवान समोर बसला की त्यांचा पाठ ठरलेला असायचा: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन. ज्यांनी खाकी किंवा ऑलिव्ह ग्रीन घातली आहे त्यांना हे झोपेतही म्हणता येईल. उस्ताद त्यात एक प्रश्न जोडायचे, "पकड पहिली का?" मग स्वतःच उत्तर द्यायचे. शिस्त कितीही बरोबर असो, दस्ता खांद्यात ढिला असेल तर गोळी सुटताना रायफल हलणार, आणि मग शिस्त घेतली काय नि न घेतली काय, सारखंच.

काही वर्षांनी गस्तीवर असताना झालेल्या स्फोटात उस्तादांचा डावा हात कोपराच्या खाली चार बोटांवर तुटला. बरेच महिने इस्पितळात गेले. नंतर कृत्रिम हात मिळाला. त्याने ते पिशवी धरतात, सायकलचं हँडल धरतात, वर्तमानपत्र दाबून ठेवतात. निवृत्तीनंतर ते रायपूरबाहेर माना कॅम्पच्या पलीकडे घर बांधून राहिले.

त्यांच्या अंगणात हरेलीला मांडलेल्या हत्यारांत शेतीची हत्यारं दोनच होती. बाकी सगळी सुतारकामाची. बसूला, म्हणजे आपला वाकस, तीन मापांचे. पटाशा. करवत. उस्तादांचे वडील सुतार होते हे मला पंधरा वर्षांत ठाऊक नव्हतं. हत्यारांवर गंजाचा ठिपका नव्हता. मी विचारलं, "उस्ताद, वापरता का?"

"चलाने को तो एक हाथ काफी है, साहब. लकड़ी कौन पकड़ेगा?"

बाकीचं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी काम सुरू केलं होतं. धाकटी मुलगी समोर बसून दोन्ही हातांनी लाकूड धरायची, उस्ताद उजव्या हाताने पटाशी रेटायचे. एके दिवशी लाकूड फिरलं, पटाशी घसरली आणि मुलीच्या अंगठ्याला चार टाके पडले. त्या दिवशी हत्यारं जी पेटीत गेली ती वर्षातून एकदा, हरेलीला, पूजेपुरती बाहेर येऊ लागली. आता त्याच मुलीचा मुलगा चार वर्षांचा आहे. हरेलीनंतरच्या अमावस्येला पोळा. इथे पोळ्याला मुलांना चाकांवरचा बैल देतात, त्याला नांदिया बैल म्हणतात. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल ओढत नेतात, तसंच. उस्तादांच्या घरात मुलाचा पहिला बैल आजोबाच करतो. उस्तादांचा त्यांच्या आजोबांनी केला, मुलीचा उस्तादांच्या वडिलांनी.

"बाजारात चांगले मिळतात," उस्ताद म्हणाले आणि विषय बदलला. त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. अमावस्या ते अमावस्या, हातात एक महिना होता.

आधी अडचण नेमकी काय ती समजून घेऊ. पटाशी लाकडात शिरते तेव्हा दोन गोष्टी होतात. पातं काप काढतं आणि त्याच जोराने लाकडाला पुढे ढकलतं. लाकूड हललं नाही तर सगळा जोर कापात जातो. ते दोन मिलिमीटर जरी सरकलं, तर पातं उडी मारतं आणि पुढे जे असेल त्यात शिरतं. पुढे सहसा धरणाऱ्याचा हात असतो. म्हणून जगभरचे कोरणारे एकच नियम सांगतात: दोन्ही हात धारेच्या मागे. दोन्ही हात मागे ठेवायचे तर लाकूड धरायला तिसरं काहीतरी हवं. दोन हातवाल्यालाही ते हवंच असतं. तो बऱ्याचदा डाव्या हाताने धरून वेळ मारून नेतो, एवढंच. उस्तादांना वेळ मारून नेता येत नव्हती.

एका रविवारी आम्ही दोघं पंडरीच्या छत्तीसगड हाटात गेलो. तिथे कोंडागावकडचा एक कारागीर बसला होता. बस्तरच्या लाकडी कामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. साग, शिसव, शिवण या लाकडांवर ते लोक काम करतात. हा कारागीर जमिनीवर बसून फूटभर लांबीच्या फळीवर हरणं कोरत होता. खाली जाड ठोकळा, त्यावर फळी. डाव्या पायाचा तळवा एका टोकावर, उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट दुसऱ्या टोकाला. उजव्या हातात मोगरी, डाव्यात पटाशी. दर पाच-सहा घावांनी तो पायानेच फळी थोडी फिरवायचा. लाकडाला नस असते, नसेच्या विरुद्ध पातं गेलं की चीर उडते, म्हणून लाकूड सारखं फिरवत राहावं लागतं. एनडीएच्या वर्कशॉपमध्ये आमच्या समोर लोखंडी शिकंजा असायचा. त्यात लाकूड घट्ट बसतं, पण फिरवायचं म्हणजे सैल करा, वळवा, पुन्हा आवळा. या माणसाचे पाय हे काम पापणी लवायच्या आत करत होते.

उस्ताद अर्धा तास उभे राहून पाहत होते. मग म्हणाले, "हात कापतायत, पाय धरतायत. हाताला धरायचं काम दिलेलंच नाही." परतताना स्कूटरवर मागे बसून ते एकदम म्हणाले, "साहब, पाय तर माझे दोन्ही आहेत."

अडचण एक उरली. उस्तादांचा उजवा गुडघा आता जमिनीवर तासभर बसू देत नाही. आणि वाकसाच्या टप्प्यात उघडं पाऊल ठेवायचं ही सवय लहानपणापासून हवी, पन्नाशीनंतर ती लावून घेऊ नये. पायाचा जोर हवा, पण पाय धारेपासून लांब हवा.

मधल्या आठवड्यात मी रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात गेलो. १८७५ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय आहे, रायपूरला आलात तर चुकवू नका. तिथे किरारी गावच्या तलावात १९२१ मध्ये सापडलेला लाकडी खांब आहे. बीजाचं लाकूड, म्हणजे आपला बिबळा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, आपल्या सातवाहनांच्या काळातला मानतात. त्यावर ब्राह्मीत अधिकाऱ्यांची यादी कोरलेली होती: सेनापती, हत्तीवर बसणारे, घोडेस्वार, रथी, पत्र नेणारा, आणि महानसिक, म्हणजे मुदपाकखान्याचा प्रमुख. थोडक्यात दोन हजार वर्षांपूर्वीचं आमचं मेस सेक्रेटरीचं पद! खांब पाण्याखाली असेपर्यंत अक्षरं टिकली. बाहेर काढून उन्हात वाळल्यावर झडू लागली. एका स्थानिक पंडिताने तेवढ्यात ती उतरवून घेतली म्हणून मजकूर आज माहीत आहे.

तो खांब पाहताना माझ्या डोक्यात बैलच होता. खांबावर अक्षरं कोरणाऱ्याला लाकूड धरायची चिंता नसणार. एवढं जड ओंडकं स्वतःच्या वजनानेच जागेवर राहतं. जगदलपूरला बस्तर दसऱ्याचा रथ झारउमरगाव आणि बेडाउमरगावचे लोक बांधतात, त्यांचंही तसंच. वासा जमिनीवर टाकला, दोन बाजूंना पाचरी ठोकल्या की काम सुरू. वजन हा सगळ्यात जुना शिकंजा. काम जितकं लहान तितकं ते धरणं अवघड. एक वीत लांबीचा बैल हा त्या खांबापेक्षा कठीण मामला आहे. मग उपाय सरळ आहे: लहान कामाला मोठ्या लाकडाचा भाग करून टाकायचं.

माझं लहानपण सावंतवाडीत गेलं. चितार आळीतली लाकडी फळं कुणी घरी नेली नाहीत असं होत नाही. फळ लेथवर फिरत असतं तेव्हा ते सुटं नसतं, मागच्या लाकडाला जोडलेलं असतं. आंबा पूर्ण झाला, रंग चढला की शेवटी तो मागून कापून घेतात. बैलाचंही तेच करायचं ठरलं. बैलाच्या पायांखाली चार इंचांचा जादा ठोकळा ठेवायचा, सगळं धरणं त्या ठोकळ्याचं, आणि तो सगळ्यात शेवटी कापायचा.

मग बाक. हे मी नीट लिहितो, कारण वाचणाऱ्यांत कुणाला उपयोग होऊ शकतो.

सालाची फळी, चार फूट लांब, दहा इंच रुंद, दोन इंच जाड. पाय असे की उंची अठरा इंच. घोड्यावर बसतात तसं एका टोकाला दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं. स्वतःचं वजन बाकावर असल्यामुळे बाक हलत नाही. समोर फळीला एक इंचाची भोकं, तीन-तीन इंचांवर दोन रांगा. त्यांत लाकडी खुंट्या बसतात. या खुंट्या म्हणजे आड. लाकूड आडाला टेकवायचं आणि पटाशी आडाच्या दिशेने चालवायची. पटाशीचा सगळा रेटा आड घेतो. त्यानंतर लाकडाला फक्त वर उचललं जाण्यापासून आणि फिरण्यापासून अडवायचं उरतं, आणि त्याला फार जोर लागत नाही.

त्यासाठी पट्टा. फळीत आठ इंचांच्या अंतरावर दोन खाचा. जुन्या खाटेची नवार एका खाचेतून वर आणली, लाकडावरून नेली, दुसऱ्या खाचेतून खाली सोडली आणि खाली बकल लावून तिचा फास केला. फासात पाऊल घालून खाली दाबलं की लाकूड बाकाला चिकटतं. पाऊल उचललं की सुटतं. हात रिकामाच राहतो. लाकूड फिरवायचं तर पाय उचला, कृत्रिम हाताने वळवा, पाय दाबा. फास जमिनीपासून वीतभर उंच राहील अशी लांबी ठेवायची, नाहीतर दाबायला जागाच उरत नाही.

जिथे मोगरीसारखा जोर हवा तिथे पट्टा पुरत नाही. तिथे जोड पाचरी. दोन पाचरी उलटसुलट शेजारी ठेवून एकीच्या जाड टोकावर टोला मारला की लाकूड खुंटीत आवळलं जातं, पातळ टोकावर मारला की सैल होतं. एका हाताने होतं. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा टाकला की घसरत नाही आणि मऊ लाकडावर वळही उठत नाहीत. गोल किंवा वेडावाकडा भाग टेकवायला वाळूची पिशवी, पण अर्धीच भरलेली. मोर्च्याला लावतो तशी ठासून भरलेली पिशवी लाकडाला मिठी मारत नाही.

पातळ नक्षीच्या फळीसाठी आणखी एक युक्ती आहे. फळी जाड पाटावर सरसाने चिकटवायची, पण मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून. काम झालं की कडेने सुरी घालायची, कागद मधोमध फाटतो आणि फळी अलगद सुटते.

बाक माझ्या क्वार्टरच्या मागे दोन रविवारांत तयार झाला. उस्तादांनी शिवणाचा ठोकळा आणला होता. ठोकळ्याची नस उभी ठेवली, म्हणजे बैलाचे पाय नसेच्या दिशेने राहतील. आडव्या नसेचे पाय पहिल्याच आपटीत मोडतात. त्यांनी खालचा ठोकळा पाचरींनी आवळला, वाकस उचलला आणि थांबले. खूप वेळ थांबले. मी काही बोललो नाही. मग त्यांनी डाव्या कृत्रिम हाताने ठोकळा दोनदा हलवून पाहिला, जसे ते जवानाच्या खांद्यातला दस्ता हलवून पाहायचे. ठोकळा हलला नाही. वाकस खाली आला. एका हाताचं हत्यार ते, दुसऱ्या हाताची त्याला गरजच नसते. पाचव्या घावाला लय सापडली. अंगणात सालपटांचा ढीग पडला.

पटाशीचं काम जड गेलं. मोगरी धरायला हात नाही, म्हणून सगळं रेटून कोरायचं. त्यांनी कृत्रिम हाताची बाही उजव्या मनगटावर दाबून वजन टाकायची पद्धत बसवली. त्यासाठी धार मात्र वस्तऱ्यासारखी लागते. बोथट हत्याराला दुप्पट जोर लागतो आणि दुप्पट जोराला दुप्पट पकड. दर दहा मिनिटांनी दगडावर. एक कान तुटला, तो चिकटवला. शिंगं वेगळी करून भोकात बसवली. एका संध्याकाळी त्यांची मुलगी डबा घेऊन आली. बापाला बाकावर बसलेलं पाहून ती दाराशीच उभी राहिली. उस्तादांनी मान वर न करता सांगितलं, "ये, बस. धरायचं नाहीये काही." ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि अंधार पडेपर्यंत तिथेच होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खालचा ठोकळा करवतीने कापला. पट्ट्याने धरून, पायाने दाबून. बैल पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभा राहिला. उस्तादांनी त्याला बोटाने टिचकी मारली. पडला नाही. तेल लावलं, पाटावर बसवून खाली चार चाकं लावली. पोळ्याला नातवाने दोरी धरून तो गल्लीत ओढला. परत आला तेव्हा बैलाचं एक चाक निघालं होतं आणि नातू खूश होता. उस्तादांचा त्यावर शेरा असा की चाकाची खीळ जाड हवी होती, पुढच्या वर्षी बघू.

आता बाक उस्तादांच्या पडवीत आहे. शेजारची दोन मुलं शनिवारी शिकायला येतात. त्यांचा पहिला धडा मी ऐकला आहे. पहिले दोन शनिवार हातात पटाशी मिळत नाही. लाकूड आडाला टेकवायचं, पाय दाबायचा, हलवून पाहायचं, सोडायचं, पुन्हा. मजबूत पकड.

आपल्यातल्या अनेकांनी कुठे ना कुठे काहीतरी ठेवून दिलेलं आहे. कुणी हात, कुणी पाय, कुणी बोटं. पुण्यात वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून काम करतंय, खडकीला अर्धांगवायू पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. त्यांच्याकडे गेलेला एखादा साथी तुमच्या ओळखीत असेल आणि त्याची हत्यारं पेटीत बंद असतील, तर त्याला हत्यार घेऊन देण्याआधी विचारा की अडतं नेमकं कुठे. बऱ्याचदा उत्तर धरण्यात सापडेल. बाकाची मापं वर दिली आहेत. ती आपल्या मांडीच्या उंचीनुसार बदलून घ्या. पट्टा मात्र सुती नवारीचाच घ्या. नायलॉनचा ताणतो आणि ऐन घावाला लाकूड सैल पडतं.

जय हिंद.